जनावर तशी रक्ताची वाट



आपल्या दाराशी गाय असते, परड्यात शेळी असते, खुराड्यात कोंबड्या असतात. आता पुष्कळ ठिकाणी शेततळ्यात मासेही आले. यातल्या कोणालाही जखम झाली तरी रक्त लालच निघतं. म्हणून सगळ्यांच्या अंगात ते सारखंच फिरत असेल असं आपण धरून चालतो. पण तसं नाही. प्रत्येकाच्या रक्ताची वाट निराळी आहे, आणि वाट निराळी म्हणून दुखणंही निराळं आहे. ही वाट ठाऊक असली म्हणजे कोणत्या जनावराला कुठे जपायचं ते नीट उमजतं.

रक्त फिरतं म्हणजे काय?

इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली एक साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर फेकतं, तेवढं अंगात मुळी असतच नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. विहिरीतलं पाणी पाटाने शेतात जावं आणि पुन्हा विहिरीत उतरावं, तसा हा प्रकार. पुढे १६६१ साली इटलीतील माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, आणि जाणारी वाट येणाऱ्या वाटेला कुठे मिळते ते कळलं.

हवेतला प्राणवायू आणि खाल्लेल्या अन्नाचा कस अंगभर पोचवणं हे रक्ताचं काम. हृदय हा त्याचा पंप.

मासा : एक पंप, एक फेरा

माशाच्या हृदयाला दोनच कप्पे असतात. रक्त हृदयातून निघतं, आधी कल्ल्यांत जातं, तिथे पाण्यातला प्राणवायू घेतं आणि तसंच पुढे अंगभर जातं. ठिबकच्या संचात एकाच मोटारीने पाणी फिल्टरमधून ढकलावं आणि तेच शेवटच्या नळीपर्यंत न्यावं, तसं हे आहे. फिल्टर ओलांडताना दाब कमी होतो. माशाचंही तसंच होतं. कल्ल्यांपुढे रक्त संथपणे चालतं.

म्हणून पाण्यातला प्राणवायू घटला की मासा फार काळ तग धरू शकत नाही. रात्री पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. दिवसभर आभाळ राहिलं असेल तर पहाटे तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. रोहू, कटला, मृगळ पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर ती भूक नव्हे, घुसमट आहे. अशा वेळी खाद्य टाकू नये. शेण किंवा खत टाकणे थांबवावे. ताजं पाणी सोडावं, नाहीतर पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडावं. पाणी जेवढं खळाळेल तेवढी हवा त्यात मिसळेल.

बेडूक : मधला टप्पा

बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे. फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त आणि अंगातून आलेलं वापरलेलं रक्त एकाच खालच्या कप्प्यात उतरतं, त्यामुळे थोडंफार मिसळतं. बेडकाचं त्यावर भागतं, कारण तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. पण त्याच कातडीतून फवाऱ्याचं विषही आत शिरतं. बेडूक पिकावरचे किडे खातो, म्हणून औषधाचं उरलेलं पाणी ओढ्यात किंवा डबक्यात ओतू नये.

कोंबडी : दोन पंप, जोराचं काम

कोंबडीच्या आणि गायीच्या हृदयाला चार कप्पे असतात. जणू एकाच घरात दोन मोटारी बसवल्या आहेत. उजवी मोटार रक्त फुप्फुसात पाठवते, डावी ते सर्वांगाला पाठवते. ताजं आणि वापरलेलं रक्त मिसळत नाही.

कोंबडीचं हृदय मिनिटाला अडीचशे ते तीनशे वेळा, कधी त्याहूनही जास्त पडतं. मांसासाठी पाळलेली ब्रॉयलर कोंबडी भराभर वाढते, पण तिची फुप्फुसं त्या मानाने वाढत नाहीत. उजव्या पंपावर ताण येतो, तो थकतो, रक्त मागे तुंबतं आणि पोटात पाणी साठतं. पोट फुगलेलं, तुरा निळसर, पक्षी धापा टाकतोय, ही त्याची खूण. थंडीत हे जास्त दिसतं. गारठा लागू नये म्हणून आपण शेडचे पडदे पार बंद करतो, आत उग्र वास कोंडतो आणि चांगली हवा मिळत नाही. म्हणून थंडीतही वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी आणि खालचं तूस कोरडं राखावं.

गाय-म्हैस : रक्तावर दूध

चारशे किलो वजनाच्या गायीच्या अंगात साधारण २५ ते ३० लिटर रक्त असतं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त जावं लागतं. दहा लिटर दूध देणारी गाय अंगातलं सगळं रक्त रोज दीडशेच्या आसपास वेळा कासेतून फिरवते म्हणा ना! पाणी कमी पडलं की दूध आटतं, त्यात नवल काय? दुभत्या जनावरापुढे दिवसभर स्वच्छ पाणी असावे.

गायीच्या बाबतीत एक धोका मोठा आहे. तिचं जाळीदार पोट हृदयाच्या अगदी शेजारी असतं, मध्ये फक्त पातळ पडदा. वैरणीतून तारेचा तुकडा किंवा खिळा गेला, तर तो या पोटात अडकतो आणि पुढे सरकून हृदयाच्या पिशवीत घुसतो. हृदयाभोवती पू होतो, त्याला उघडमीट करता येत नाही. परत येणारं रक्त वाटेतच थांबतं. मग मानेची शीर दोरीसारखी फुगते आणि गळ्याखालची पोळी सुजते. जनावर पुढचे कोपर बाहेर काढून उभं राहतं, उतारावरून चालायला कुरकुरतं. इथपर्यंत गेल्यावर जनावर वाचणं फार कठीण. म्हणून वैरण बांधायला तार वापरू नये. घराच्या किंवा कुंपणाच्या कामानंतर खिळे-तारा वेचून काढाव्यात. पशुवैद्य जनावराच्या पोटात लोहचुंबक सोडतात, त्याविषयी त्यांना विचारावे.

नाडी आणि पापणी

गायीची नाडी शेपटीत लागते. जनावर सावलीत शांत उभं असताना शेपटी उचलावी, बुंध्यापासून वीतभर अंतरावर खालच्या बाजूस दोन बोटं टेकवावी आणि मिनिटभर मोजावं. मोठ्या गायीचे ठोके साधारण ५० ते ८० पडतात. शेळीची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस लागते, तिचे ७० ते ९०. लहान वासराचे शंभरावर असतात, त्याने घाबरू नये.

मग खालची पापणी ओढून पाहावी. आत गुलाबी-लाल असेल तर ठीक. पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी आहे. शेळीत बहुधा पोटातले जंत रक्त पितात, संकरित गायीत गोचीडताप असू शकतो. लघवी लाल होत असेल तर तासाचाही उशीर करू नये.

किड्यांचं रक्त

आता शेवटी एक गंमत. किड्यांच्या अंगात रक्ताला बंद वाटच नसते. पाठीवरची एक नळी ते पुढे ढकलते आणि ते मोकळं अवयवांत भरून राहतं. तुतीवरच्या रेशीमकिड्याच्या पाठीवर ही नळी हलताना डोळ्यांनी दिसते. हे रक्त लाल नसतं, कारण हवा वाहण्याचं काम त्याच्याकडे नाही. हवा अंगावरच्या बारीक छिद्रांतून सरळ आत जाते. डासाची अळी शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून हवा घेते. म्हणूनच गोठ्यामागच्या सांडपाण्याच्या डबक्यावर तेलाचा पातळ थर दिला की ती गुदमरते. जनावरं पितात त्या पाण्यावर मात्र हे कधीही करू नये.

लक्षात ठेवा

• ढगाळ दिवसानंतर पहाटे तळ्यावर चक्कर मारावी.
• थंडीतही कोंबड्यांना हवा द्यावी.
• वैरणीत तार नको.
• आठवड्यातून एकदा प्रत्येक जनावराची पापणी पाहावी, नाडी मोजावी आणि वहीत लिहावी.

चांगल्या दिवसांतली नाडी लिहून ठेवली असेल, तरच आजाराच्या दिवशी फरक कळतो. मग पशुवैद्याला बोलावताना नुसतं "गाय खात नाही" असं न सांगता "नेहमी साठ पडतात, आज शंभर आहेत" असं सांगता येतं. तेवढ्याने उपचार लवकर सुरू होतो. घरच्या मुलांना हे काम शिकवा, त्यांना त्याची गोडीही लागेल.