टायपिनवर उरलेला लोगो
(चिन्हांच्या मागे : भाग ७)

लोगो बदलला म्हणजे ओळख बदलली, असं अनेक संस्थांना वाटतं. गेल्या आठवड्यात हा मुद्दा अर्धवट राहिला होता. तो पुरा करायला अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचं उदाहरण चांगलं. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन सांभाळणारं हे सरकारी खातं.

त्यांचं बोधचिन्ह १९५१ सालचं. बाणाच्या दगडी टोकाचा आकार आणि आत सिकोया वृक्ष, बायसन, डोंगर, पाणी. जंगलांबरोबर ऐतिहासिक स्थळंही या खात्याकडेच, म्हणून ते बाणाचं टोक. डिझायनरच्या नजरेला ही गर्दीच. चिन्ह नखाएवढं छापलं की बायसन कुठला आणि दगड कुठला, कळू नये.

साठच्या दशकात संचालक जॉर्ज हार्टझॉग यांनी नवं चिन्ह आणलं: तीन त्रिकोण आणि त्यांच्या आत तीन गोल. ते केलं होतं ‘मोबिल’ या तेल कंपनीचा लोगो घडवणाऱ्या चेरमायेफ अँड गाइस्मार या डिझाइन संस्थेनं. रेषा नेटक्या, काम स्वच्छ. १९६८मध्ये बाणाच्या जागी ते बसवायचं ठरलं आणि खात्यातले लोकच बिथरले. बाण त्यांच्या गणवेशाच्या बाहीवर होता. तो काढणं म्हणजे अंगावरचं काही उतरवणं. वर्षभरात बाण परत आला. त्रिकोणांना मात्र अगदीच हाकललं नाही. ते टायपिनवर राहिले!

खरा बदल १९७७मध्ये झाला, आणि तोही बोधचिन्हाला हात न लावता. तोवर प्रत्येक उद्यानाच्या माहितीपत्रकाचा आकार वेगळा, अक्षरं वेगळी. डिझायनर मासिमो विन्येली यांनी या पत्रकांसाठी ‘युनिग्रिड’ ही पद्धत आखून दिली. मोठा कागद साधारण ए-टू मापाचा. घड्या घातल्या की सुमारे दहा सेंटिमीटर रुंद, एकवीस सेंटिमीटर उंच असे बारा चौकोन पडतात. मजकूर कमी असेल तर कमी चौकोनांचा कागद घ्यायचा. वर काळी पट्टी, तिच्यावर हेल्वेटिका या टाइपफेसच्या पांढऱ्या अक्षरांत उद्यानाचं नाव. खाली नकाशा, चित्रं, मजकूर, सगळं त्याच चौकटीत. ग्रँड कॅन्यन असो की एखादं छोटं स्मारक, पट्टी तीच. दर वेळी कागदाचं माप आणि अक्षरांचा आकार नव्याने ठरवण्याची कटकट संपली. डिझायनरचा वेळ नकाशासाठी मोकळा झाला.

कारखान्याच्या पाटीवर शोभणारी अक्षरं जंगलाला कशी चालतील, असं कुणी विचारेल. मला तर ती ओंडक्यांपासून जोडलेल्या अक्षरांपेक्षा बरी वाटतात. जंगल दाखवायला खाली फोटो आहे की! पट्टीने नाव लांबून वाचता येण्याजोगं ठेवलं की तिचं काम झालं.

रस्त्यावरच्या पाट्यांचं गणित वेगळं. तिथे वाचणारा गाडीत असतो, म्हणून खात्याने पुढे स्वतःचा टाइपफेस करून घेतला. त्याबद्दल पुढच्या भागात.