केलॉइडवर इंजेक्शन घेताय? आधी डॉक्टरांना हे सांगा

कान टोचल्यावर पाळीवर किंवा मुरुमानंतर छातीवर कडक, खाज सुटणारी गाठ येते आणि मूळ जखमेबाहेर पसरते. हाच केलॉइड. नुसता कापला तर तो अनेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून बहुधा व्रणातच ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने, अनेकदा.

जाण्यापूर्वी काय कराल?

• मधुमेह, गर्भधारणा, अ‍ॅलर्जी असल्यास सांगा. स्टेरॉइडने साखर वाढू शकते.
• रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.
• त्या जागी पू किंवा पुरळ असेल तर आधी कळवा.
• उपाशी जाऊ नका.

त्वचा पातळ किंवा फिकट पडू शकते, हेही आधीच विचारून घ्या. गाठ बसू लागली म्हणून उपचार मध्येच सोडू नका.