काळ्या मातीत संत्र्याची घुसमट

ऑगस्टअखेर वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागांत पिवळी पडून मान टाकलेली झाडे हमखास दिसतात. पावसाने उघडीप दिलेली, वरची माती कोरडीठाक. झाड तहानले असे समजून मोटार सुरू होते. अशा झाडाजवळ फूटभर उकरून पाहावे. खालची माती चिमटीत दाबली तर तिची लांब पट्टी निघते आणि नाकाला कुजका वास येतो. पाणी भरपूर आहे. कमी पडली आहे ती हवा.

विदर्भातली भारी काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातले मुख्य चिकण खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की फुगणारे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन पावसाळ्यात त्या बुजवून टाकते आणि हवेची वाटही बंद होते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. पांढरी मुळे गुदमरली की त्यांना पाणी उचलता येत नाही, म्हणून ओल्या जमिनीत पाने सुकतात. त्यात फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचे बीजाणू साचल्या पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत येतात. मग मूळकूज होते, खोडावर डिंक्या दिसू लागतो.

ठिबक बसवले की पाणी जास्त होणारच नाही, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. भारी जमिनीत पाणी खाली कमी आणि आडवे जास्त पसरते. रोज थोडे थोडे देत राहिलात तर वाफसा येतच नाही. ड्रिपर बुंध्यापासून दूर, मुळांच्या परिघात हवेत. पुढचे पाणी फूटभर खोलीवरची ओल पाहूनच द्यावे. आळ्याने पाणी देणाऱ्यांनी दुहेरी आळे करावे, म्हणजे खोड कोरडे राहते. आंबिया बहाराचा ताणही या जमिनीत उशिरा बसतो, अवकाळी सरीने मोडतो. हलक्या जमिनीचे वेळापत्रक इथे चालत नाही.

निचऱ्याला सोपा तोडगा म्हणजे दोन ओळींआड उताराच्या दिशेने काढलेले चर. पण पुष्कळ शेतांत चर बांधापाशी येऊन थांबतो आणि पाणी तिथेच तुंबते. नव्या बागेत गादीवाफ्यावर लागवड करावी, कलमाचा जोड जमिनीच्या बराच वर ठेवावा. जुन्या बागेत मृगाआधी चर मोकळे करून थेट नाल्याला जोडा. आणि खाली चोपण थर असेल, तर तिथे संत्रा लावूच नका.