धाग्यांचं विमान

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अजून काही घरांना कुडाच्या भिंती आहेत. अशा भिंतीला कधी हात लावून पाहिलाय? आत कारवीच्या काठ्या बांधलेल्या असतात आणि वरून शेण, माती, भाताचं तूस कालवून केलेलं लिंपण. नुसत्या काठ्या उभ्या केल्या तर वारा आरपार जाईल. नुसती माती थापली तर वाळून तिला भेगा पडतील आणि ढेकळं खाली येतील. दोघी एकत्र आल्या की भिंत पाऊसवाऱ्यात उभी राहते. काठी ताण सोसते, माती काठीला जागेवरून हलू देत नाही.

आता गंमत ऐका. रिमोटवर उडणारी आजची चांगली मॉडेल विमानं याच युक्तीवर बनतात. कारवीच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे धागे असतात आणि मातीच्या जागी इपॉक्सी नावाचा चिकट, घट्ट होणारा द्रव. अशा जोडपदार्थाला कॉम्पोझिट म्हणतात.

हो, काचच! हातातून पडली की खळकन फुटणारी. मग तिचं विमान कसं होईल? याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरच्या कामात सापडतं. तो फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करायचा. त्याने काचेचे बारीक बारीक धागे ओढले आणि ते तोडायला किती जोर लागतो ते मोजलं. धागा जितका बारीक, तितकी त्यातली काच जास्त बळकट निघाली! १९२० साली त्याने याचं कारण मांडलं. काचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. ताण दिला की सगळा जोर ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो, तिथून तडा पळत सुटतो आणि काच फुटते. बारीक धाग्यावर मोठा ओरखडा पडायला जागाच नसते. कॉम्पोझिटमधला काचेचा एक धागा साधारण १० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्याही कितीतरी पट बारीक. असे हजारो धागे इपॉक्सीत बुडवले की त्यातला एखादा तुटला तरी त्याचा भार इपॉक्सी शेजारच्या धाग्यांवर देऊन टाकते. तडा तिथल्या तिथे थांबतो.

जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी या पदार्थाचं आख्खं ग्लायडर, म्हणजे बिनमोटरचं विमान, बांधलं. त्याचं नाव फिनिक्स, पहिलं उड्डाण १९५७ साली. आणि आपल्याकडे? कसारा घाट चढा, नाशिक ओलांडा, की ओझर येतं. तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या आकाशात झेपावलं. तेजसच्या सांगाड्याच्या वजनातला सुमारे ४५ टक्के भाग कॉम्पोझिटचा आहे, मुख्यतः कार्बनच्या धाग्यांचा. म्हणजे आसनगावच्या फलाटावर उभं राहून ईशान्येकडे पाहिलंत, तर त्या डोंगररांगेपलीकडे धाग्यांची लढाऊ विमानं बनताहेत!

एक प्रयोग करून बघा. सुती रुमाल घ्या आणि कडेच्या दिशेने ताणा. फारसा ताणला जात नाही. आता तिरका, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे ओढा. लगेच लांबतो. कारण पहिल्या वेळी तुम्ही थेट धाग्यांना ओढत होता, दुसऱ्या वेळी धागे नुसते एकमेकांवर सरकत होते. उडताना विमानाचा पंख पिळला जातो आणि पिळताना त्याच्या सालीवर तिरका ताण येतो. म्हणून बनवणारे साल तयार करताना कापड मुद्दाम तिरकं घालतात, म्हणजे ताण येतो त्याच दिशेला धागा सापडतो. पंख वाकू नये म्हणून लांबीच्या दिशेने कार्बनच्या पट्ट्या वेगळ्या. नुसता पदार्थ भारी असून भागत नाही, धागा कुठल्या दिशेला घातलाय त्यावर सगळं अवलंबून.

बरं, असं मॉडेल खोक्यातून निघतं तेव्हा ते अर्धवट असतं. पोकळ धड, दोन पंख, शेपूट, आणि ते जोडायचं काम आपलं. हे काम घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं. मला विचाराल तर उडवण्याइतकीच मजा या जोडण्यात आहे. आणि धोकाही इथेच लपून बसलेला असतो. कारखान्यातून आलेला पंख सहसा तुटत नाही, आपण लावलेला जोड निखळतो.

का निखळतो? धडाच्या आत बोट फिरवून पाहा, बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत लागतं. त्या गुळगुळीतपणावर इपॉक्सी लावली तर ती वाळते, कडक होते, वरून छान दिसते, आणि मोटर जोरात फिरली की ती बसवलेल्या लाकडी पाटीसकट खपलीसारखी सुटून येते. तिथे आधी पॉलिश पेपर घासून सगळी चमक घालवायची. चमक गेली, आतलं कापडाचं विणकाम पुसटसं दिसू लागलं, की थांबायचं. त्याहून जास्त घासलं तर धागेच कापले जातील. मग स्पिरिटने पुसायचं आणि पुन्हा बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेलसुद्धा जोड कच्चा करतं.

घासताना उडणारी धूळ मात्र साधी नाही. त्यात काचेचे आणि कार्बनचे तुकडे असतात. कातडीला खाज सुटते आणि श्वासातून ते आत जाणं वाईटच. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओलंच घासायचं, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. नंतर झाडू मारायचा नाही, त्याने धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने टिपून घ्यायची.

इपॉक्सीचे दोन डबे असतात, एक राळेचा आणि एक हार्डनरचा. दोन्ही मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांचे हात धरून जाळं विणायला लागतात. डब्यावर लिहिलेलं प्रमाण तंतोतंत पाळायचं. ‘हार्डनर थोडा जास्त घातला तर लवकर वाळेल’ असं वाटतं ना? तसं होत नाही. जास्तीच्या रेणूंना हात धरायला कोणी उरत नाही आणि जोड लिबलिबीत राहतो. शिवाय हे विणकाम चालू असताना उष्णता बाहेर पडते. खोल कपात खूप इपॉक्सी एकदम कालवली तर ती उष्णता आतच कोंडते, कप हाताला चटका देतो, कधी धूरही येतो. म्हणून थोडीच कालवायची, पसरट भांड्यात, आणि खिडक्या उघड्या ठेवून. कातडीला लागू द्यायची नाही, काहींना तिची कायमची ॲलर्जी होते.

पंख धडाला जोडणारी कार्बनची दांडी दिसायला पेन्सिलीएवढी असते. तिच्यावर किती भार येतो? समजा विमान २ किलोचं आहे. सरळ उडताना पंख २ किलो उचलतात. पण तुम्ही त्याला खाली सूर मारायला लावलं आणि एकदम वर खेचलं, तर भार दहापट होऊ शकतो. म्हणजे २० किलो, तांदळाची एक गोणी, त्या दांडीवर! म्हणून दर वेळी दांडी बाहेर काढून बघायची. कुठे पांढरट रेघ किंवा उसवलेले धागे दिसले, तर ती दांडी त्या दिवशी उडत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. विमानाच्या पोटात रिसीव्हर नावाची छोटी डबी बसते. तिच्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाचा साधारण ३१ मिलिमीटरचा भाग उघडा ठेवलेला असतो. एवढाच का? रिमोटच्या लहरींची कंपनसंख्या असते २.४ गिगाहर्ट्झ आणि त्यांची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा करा. आलं ना ३१ मिलिमीटर? ते टोक म्हणजे विमानाचा कान. ते कापायचं नाही, दुमडायचं नाही. काचेच्या धडातून रेडिओलहरी सहज आत येतात. कार्बन मात्र विजेचा वाहक, तो लहरी अडवतो. कार्बनच्या धडात कान आत ठेवला तर विमान दूर गेल्यावर बहिरं होतं. म्हणून ते टोक धडाबाहेर काढायचं आणि पहिल्या उड्डाणाआधी रिमोट घेऊन लांब चालत जाऊन तपासायचं, ऐकतंय की नाही.

मोटर तपासताना पंखा काढून ठेवायचा, हा नियम कधीच मोडायचा नाही. हिशोब करा. १० इंची पंखा मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग तासाला सुमारे ४८० किलोमीटर होतो. बोट मागे घ्यायला वेळच मिळत नाही. उडवायच्या दिवशी आधी रिमोट चालू करायचा, मग विमान. बंद करताना उलट. आदेश देणारा झोपलेला असताना विमान जागं नको.

लिथियमची बॅटरी फुगली असेल, आपटली असेल, तर ती वापरायची नाही. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. तिने पेट घेतला तर आग भराभर पसरते.

शेवटी तोल. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून साधारण ५ ते ६ सेंटिमीटरवर दोन बोटं ठेवून विमान उचलायचं, म्हणजे ते आडवं राहायला हवं. नेमकी खूण पुस्तिकेत दिलेली असते. नाक जड असलं तर विमान सुस्त उडतं, पण उडतं. शेपूट जड असलं तर ते हातात राहत नाही. बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधतो. मग विमानाच्या मागे उभं राहून रिमोटची कांडी उजवीकडे करायची, उजव्या पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी वर गेली पाहिजे. खाली गेली तर जोडणी उलटी झालीय.

आपल्या भागातलं ऊन ठाऊक आहे ना? एप्रिल-मेमध्ये मुरबाडला पारा चाळिशी ओलांडतो. घरगुती तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि काळं कार्बन उन्हात त्याहूनही तापतं. माणसं बसतात ती कॉम्पोझिटची ग्लायडरं बहुतेक सगळी पांढरी का असतात, कळलं? मॉडेलही सावलीत, पांढऱ्या कापडाखाली ठेवायचं.

उडवायला भातकापणीनंतरची मोकळी खाचरं छान, पण आधी वर बघा. पडघ्याला विजेचं मोठं केंद्र आहे, थेट चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी तिथे येते, आणि या भागात मनोरे जागोजागी. कार्बनमधून वीज वाहते. तारेत अडकलेलं विमान बांबूने काढायला जाऊ नका, काही झालं तरी नाही. महावितरणला कळवा आणि लांब उभे राहा. तानसा अभयारण्य, धरणं आणि लोकांची गर्दी यांच्यावरून उडवायचं नाही. देशाचे ड्रोन नियम २०२१ चे आहेत. त्यांत मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायला सांगितलंय. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येतं. घरातल्या मोठ्यांनी तो नकाशा बघावा आणि पोलीस ठाण्यात बंदीचा आदेश आहे का ते विचारून घ्यावं.

पावसाळ्यात मुरबाडच्या वैशाखरेच्या बाजूने नाणेघाटाकडे पाहिलंत, तर कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडताना दिसतं. खालून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि वर चढतो, इतक्या जोराने की पाण्यालाच घेऊन जातो. डोंगरावरच्या अशाच वाऱ्यावर जगात काही जण बिनमोटरची मॉडेल ग्लायडरं उडवतात. डोंगरमाथ्यामागे जोराचा वारा आणि शांत हवा यांच्यामधून ती गोल गोल फिरतात आणि दर फेरीला वेग वाढवत नेतात. २०२१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात स्पेन्सर लिझेन्बी याच्या ग्लायडरचा वेग मोजला गेला, तासाला ८८२ किलोमीटर. प्रवासी जेट विमानाएवढा! ना मोटर, ना पंखा, ना इंधन. होते ते फक्त इपॉक्सीत बुडवलेले धागे आणि मन लावून केलेले जोड.