प्रतिस्पर्ध्यांची सावड

एकाच पेठेत एकाच प्रकारचा माल विकणारे दोन दुकानदार एकमेकांचे स्नेही असू शकतात. परंतु दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला 'समोरच्या दुकानातही जाऊन या, तेथील माल उत्तम आहे' असे रोज आवर्जून सांगणारा दुकानदार अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत आढळत नाही. अमेरिका आणि कॅनडा या देशांतील एका लहानशा व्यवसायात मात्र असे दुकानदार शेकड्यांनी निघाले. कोणाही संपादकाच्या वा प्रकाशकाच्या आश्रयावाचून, स्वतःच्या हिमतीवर इंटरनेटवर चित्रमालिका प्रसिद्ध करणारे हे व्यंगचित्रकार. त्यांच्या मालिकांना 'वेबकॉमिक' असे नाव आहे. त्यांच्यातील परस्परसाह्य हा केवळ सौजन्याचा भाग होता काय, की त्यामागे काही व्यवहारही होता, हा प्रश्न व्यंगचित्रांच्या रसिकांइतकाच अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारा आहे.

या मंडळींनी काय टाळले हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेत दैनिकातील चित्रमालिकेचा व्यवसाय 'सिंडिकेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणसंस्थांच्या हाती होता. चित्रकाराने चित्र काढावे आणि संस्थेने ते देशभरातील दैनिकांना विकून, बिले वसूल करून, उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा स्वतःकडे ठेवावा, अशी ही व्यवस्था. अनेकदा पात्रांचे हक्कही संस्थेकडेच जात. 'कॅल्व्हिन अँड हॉब्स'च्या बिल वॉटरसनला आपल्या पात्रांच्या बाहुल्या आणि पेले बाजारात येऊ नयेत एवढ्यासाठी आपल्या सिंडिकेटशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. ३१ डिसेंबर १९९५ रोजी त्याने मालिकाच थांबविली. दैनिकाच्या पानावर जागा मोजकीच असते, तेव्हा एकाची मालिका आत यावयाची तर दुसऱ्याची बाहेर जावयास हवी. येथे स्पर्धा खरीखुरी आणि निर्दय होती.

इंटरनेटवर ही जागेची टंचाई उरली नाही. एक मालिका वाचावयास अर्धा मिनिट पुरते. ती वाचून झाल्यावर वाचक दुसरी वाचू शकतो, तिसरीही वाचू शकतो. एकाने आपला वाचक दुसऱ्याकडे पाठविला तर पाठविणाऱ्याचे काही घटत नाही, कारण तो वाचक उद्या पुन्हा येणारच असतो. मात्र टंचाई गेली तशी पगाराची हमीही गेली. चित्र काढणारा, त्याची जाहिरात करणारा, हिशेब ठेवणारा आणि टपालाची पाकिटे चिकटविणारा मनुष्य एकच. ही कामे एकट्याच्याने होण्यासारखी नव्हती. मित्रांची गरज लागली ती येथे.

प्रारंभीच्या काळात एक वाद गाजला. स्कॉट मॅक्क्लाउड हा कॉमिक्सच्या कलेचा मान्यवर भाष्यकार. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स' या पुस्तकात त्याने असे प्रतिपादन केले की, वाचकाने प्रत्येक मालिकेसाठी काही सेंट इतकी अल्प रक्कम थेट चित्रकाराला द्यावी. मधला दलाल नाहीसा होईल. २००३ साली त्याने 'द राइट नंबर' ही आपली मालिका 'बिटपास' या योजनेतून २५ सेंटला विकूनही दाखविली. 'मॉडर्न टेल्स' या संस्थेने २००२ पासून मासिक वर्गणीचा मार्ग धरला. उलट 'पेनी आर्केड' या मालिकेच्या जोडगोळीने या कल्पनेची जाहीर थट्टा केली. 'बिटपास' २००७ साली बंद पडली, 'मॉडर्न टेल्स' २०१३ साली. हे का घडले याची जी कारणे दिली जातात त्यांत वाचकाच्या कंजूषपणाचा उल्लेख प्रामुख्याने होतो. परंतु दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे वाटते. कुलूप घातलेल्या घराची वाट कोणी कोणाला दाखवीत नाही. ज्या पानावर जाण्यासाठी पैसे मोजावे लागतात त्याची शिफारस मित्र सहसा करीत नाही, आणि केली तरी वाचक उंबऱ्यावरूनच परत फिरतो. पाने फुकट ठेवणे म्हणजे मित्रांच्या शिफारशीला दार उघडे ठेवणे होते. पैसा मग सदरे, छापील पुस्तके आणि मूळ चित्रे यांतून यावयाचा.

या मैत्रीचे सर्वांत मनोहर रूप म्हणजे पाहुण्या चित्रांची प्रथा. पुष्कळशा मालिकांत सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरलेले असतात आणि वार चुकला की वाचक गळतो. शिक्षकाला किंवा कारकुनाला किरकोळ रजा असते, वैद्यकीय रजा असते. या चित्रकाराला कोणतीच नाही. तो आजारी पडला, त्याचे लग्न निघाले, घरी मूल जन्माला आले किंवा कोणी दगावले, की त्याचे स्नेही आपापल्या शैलीत त्याची पात्रे काढून एकेक दिवस भरून देतात. आपल्याकडील शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी सावड करतो, आणि एखाद्याचे काम अडले तर गाव इर्जिक घालून ते उरकते. दोन्हींत लेखी करार नसतो, परंतु कोणी किती राबले याचा हिशेब सर्वांच्या मनात पक्का असतो. पाहुण्या चित्रात आणखी एक गंमत आहे. परक्याच्या पात्राला बोलते करणे ही त्या मालिकेच्या आकलनाची परीक्षाच असते, आणि नापास झालेली उत्तरपत्रिका हजारो वाचकांना दिसते. पास झालेल्याचा हात मात्र नव्या वाचकांच्या ओळखीचा होतो. विमा आणि जाहिरात एकाच चित्रात साधतात.

या शिदोरीवर संस्थाही उभ्या राहिल्या. जेफ्री रोलँड या चित्रकाराने २००४ साली आपल्या मालिकेतील टोपाटो या पात्राच्या नावावरून 'टोपाटोको' हे विक्रीकेंद्र काढले. प्रारंभ स्वतःचे सदरे विकण्यापासून झाला, पुढे मित्रांचे सदरे आणि पुस्तकेही तेथूनच रवाना होऊ लागली. मॅसॅच्युसेट्समधील ईस्टहॅम्प्टन या लहान गावी, एका जुन्या गिरणीच्या इमारतीत, २००९ साली या चित्रकारांचे आणि वाचकांचे संमेलनही भरले. टोरांटोच्या रायन नॉर्थने २००६ साली 'प्रोजेक्ट वंडरफुल' ही जाहिरातीच्या जागांचा दिवसागणिक लिलाव करणारी योजना सुरू केली. तीत मोठ्या कंपन्यांपेक्षा चित्रकारच एकमेकांच्या पानांवरील जागा घेत. एकाही सेंटची बोली लागली नसेल तेथे नवख्याला फुकट जागा मिळे. नॉर्थच्या 'डायनोसॉर कॉमिक्स'मध्ये २००३ पासून तीच ती चित्रे असतात, बदलतात ते केवळ संवाद. अशा मनुष्याला काटकसरीचे अर्थशास्त्र समजावे यात नवल नाही!

याच मालिकेतील एका भागातून सहकार्याचा एक विलक्षण प्रयोग जन्मला. रक्ताच्या थेंबावरून मनुष्य कशाने मरेल एवढेच सांगणारे, पण केव्हा ते न सांगणारे यंत्र, अशी ती कल्पना. तिच्यावर नॉर्थ, मॅथ्यू बेनार्डो आणि डेव्हिड माल्की यांनी सर्वांकडून कथा मागविल्या आणि त्यांसाठी चित्रे आपल्या व्यवसायबंधूंकडून काढून घेतली. प्रकाशकांनी नकार दिला. नावाजलेला एकही लेखक नसलेला कथासंग्रह कोण घेणार? तेव्हा संपादकांनीच तो छापला आणि २६ ऑक्टोबर २०१० या एकाच दिवशी सर्वांनी 'ॲमेझॉन'वर प्रत घ्यावी असे आवाहन केले. आपापल्या वाचकांना ते सांगावयास मित्र पुढे सरसावले आणि 'मशीन ऑफ डेथ' त्या दिवशी विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले. ग्लेन बेक या प्रख्यात नभोवाणी निवेदकाचे नवे पुस्तक त्याच दिवशी बाजारात आले होते. त्याने आपल्या कार्यक्रमात याबद्दल त्रागा केला, त्यामुळे पुस्तकाची आणखी जाहिरात झाली. दुसरा भाग २०१३ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढला.

तथापि हे चित्र सर्वस्वी गोड नाही. मैत्रीवर चालणाऱ्या बाजारात ज्याला मित्र नाहीत तो उपराच राहतो. आरंभीची बरीच मंडळे तरुण पुरुषांची होती, आणि कोणाची शिफारस व्हावी हे कोण कोणाबरोबर जेवतो यावरही ठरत होते. ब्रुकलिनमध्ये २०१० च्या सुमारास केट बीटन, मेरेडिथ ग्रॅन, लिसा हॅनवॉल्ट, सारा ग्लिडन, ज्युलिया वर्ट्झ आणि डोमितिल कोलार्दे या सहा जणींनी 'पिझ्झा आयलंड' नावाची एक खोली भाड्याने घेतली. तो स्वतंत्र कामाच्या जागेचा प्रयत्न होता, तसेच आपले वर्तुळ आपणच आखण्याचाही. यातील बीटन ही केप ब्रेटनच्या मच्छीमारांच्या मुलखातली. पदवीसाठी घेतलेले कर्ज फेडण्याकरिता ती अल्बर्टातील तेलाच्या खाणींवर राबली आणि २००७ साली तिने चित्रे इंटरनेटवर ठेवावयास आरंभ केला. त्या खाणींची हकीकत तिने २०२२ च्या 'डक्स' या ग्रंथात सांगितली आहे. शिकागोच्या सी. स्पाइक ट्रॉटमनने मैत्रीवर विसंबणेच सोडले. तिच्या 'आयर्न सर्कस' या प्रकाशनाच्या सामूहिक संग्रहांत चित्रकारांना पानाचा दर ठरवून मिळतो, आणि वाचकांकडून अपेक्षेहून अधिक निधी जमला की तो दर सर्वांसाठी वाढतो. स्नेह टिकवावयाचा तर हिशेब कागदावर असावा, हा तिचा व्यवहार अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे. मनातल्या हिशेबाने सावडीही मोडतात.

वाचकांची सवय बदलली तेव्हा खरा आघात झाला. २००५ सालचा वाचक प्रत्येक चित्रकाराच्या घरी स्वतः चालत जात असे आणि तेथील खुणा पाहून शेजारच्या घरी वळत असे. पुढील दशकात तो फेसबुकसारख्या मोजक्या कंपन्यांच्या अंगणात बसून, समोर येईल ते पाहू लागला. काय समोर यावे हे कंपनीचे यंत्र ठरवू लागले आणि मित्राची शिफारसही त्या यंत्राच्या मर्जीवर पोचू लागली. टंचाई पुन्हा अवतरली. दैनिकाच्या पानावर जागा अपुरी असे, आता वाचकाच्या नजरेपुढील जागा अपुरी झाली. 'प्रोजेक्ट वंडरफुल' १ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाली. जाहिराती अडविणारी साधने आणि वाचकांचे हे स्थलांतर तिला पेलले नाही.

त्यानंतरचा काळ मुख्यतः वर्गणीदारांचा आहे. २०१३ साली निघालेल्या 'पॅट्रिऑन'सारख्या योजनांतून वाचक दरमहा चित्रकाराला काही डॉलर देतात. मॅक्क्लाउडची मूळ कल्पना अशी मागील दाराने परत आली. फरक एवढाच की चित्रे बहुधा सर्वांना खुली राहतात आणि पैसे देणारे आपखुशीने देतात. या वर्गणीदारांत इतर चित्रकारही असतात. तीच वीस डॉलरची नोट आपल्या सर्वांच्या खिशांतून फिरत असते, असा एक विनोद त्या व्यवसायात जुना आहे. चलनाच्या भ्रमणवेगाचा धडा शिकविणाऱ्याला तो उदाहरणादाखल घेण्याजोगा वाटेल. नोट दहा हातांतून फिरली तर दोनशे डॉलरचे व्यवहार होतात, दहा जणांना एकमेकांची पुस्तके मिळतात, परंतु महिनाअखेरीस घरभाडे द्यावयाला नोट एकच असते. दुसरी यावयाची तर ती बाहेरच्या वाचकाकडून, आणि त्या वाचकाला गाठण्याची वाट आता त्या मोजक्या कंपन्यांच्या अंगणातून जाते.