चिन्ता म्हणजे प्रेम, काकी म्हणजे पाय

मागच्या भागात सहज बोलून गेलो की मी वर्षभर इंडोनेशियन शिकतोय, तर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न: का रे बाबा?

कारण घरातलंच आहे. माझी वहिनी सुराबायाची. ती मराठी शिकली, आता दादाशी मराठीतच भांडते. पण तिच्या आईशी, म्हणजे इबूंशी, आमच्याकडचं कुणीच एक वाक्य बोलू शकत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर नुसते हात हलवायचे.

सुरुवातीला वाटलं, सोप्पंय! लिपी रोमन, क्रियापदाला काळाची भानगड नाही. गुरू, नामा, वार्ना, मानुसिया, सगळे ओळखीचे. मग पाय घसरतो. 'चिन्ता' म्हणजे प्रेम! (आई म्हणाली, त्यात नवीन काय?) 'दोसा' म्हणजे पाप, 'सुआमी' म्हणजे नवरा. शब्द संस्कृतातून गेले आणि तिकडे त्यांनी वेगळाच संसार थाटला. काही मात्र निव्वळ योगायोग. 'काकी' म्हणजे पाय. 'सूसू' म्हणजे दूध. वहिनीनं चहात सूसू घालू का विचारलं तेव्हा भाचा लोळून हसला होता. आणि 'हाती' म्हणजे काळीज, पण पाटीवर 'हाती-हाती' दिसलं तर अर्थ 'जपून'.

या भाषेचा पाया मलय. जावानीज बोलणारे संख्येनं कितीतरी जास्त होते, तरी 28 ऑक्टोबर 1928 ला तिथल्या तरुणांनी शपथ घेतली ती या भाषेची. कुणा एका मोठ्या गटाची नाही, म्हणून सगळ्यांची. मला हे फार भारी वाटतं.

आता माझा घोळ ऐका. इंडोनेशियनमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, अगदी मराठीसारखे. 'कामी' म्हणजे आम्ही, समोरचा सोडून. 'कीता' म्हणजे आपण, समोरच्याला धरून. इंग्रजीवाल्यांना हे घोटवावं लागतं, आपल्याला आयतंच येतं. तरी मीच चुकलो. दिवाळीच्या कॉलवर इबूंना ऐटीत म्हणालो, 'दिआ सकारांग कलुआर्गा कामी.' मला म्हणायचं होतं, ती आता आपल्या घरची. झालं काय, तर 'तुमची मुलगी आता आमची, तुमची नाही'. तेही तिच्या आईला!

इबू गप्प. वहिनी माझ्याकडे बघतेय. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग इबू हळूच म्हणाल्या, 'कीता.' मी म्हटलं, 'कीता, इबू, कीता!' तेव्हा कुठे हसल्या. आणि गंमत बघा, 'कलुआर्गा' म्हणजे कुटुंब, आणि तो शब्द आला आपल्याच कुल आणि वर्ग यांतून.

आता दर रविवारी कॉल असतो. पहिला प्रश्न ठरलेला, 'सुदाह माकान?' म्हणजे जेवलास का? परवा मीच उलटं विचारलं, इबू, मराठी येतं का? 'नाही'साठी 'तिदाक' आहे. पण त्या म्हणाल्या, 'बलुम.'

म्हणजे, अजून नाही.