दोन दवाखान्यांच्या गोळ्या, पोट मात्र एक

बोर्डो मिश्रणात हाताला येईल ते कीटकनाशक मिसळून चालत नाही, हे द्राक्षबागाईतदाराला शिकवावे लागत नाही. चुन्यामुळे काही औषधांचा जोरच मरतो. फवारा मात्र नेहमीसारखाच दिसतो. माणसाच्या पोटातही असे घडते.

एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या माणसाला औषधे जन्मभर घ्यावी लागतात. सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून ती २००४ सालापासून मोफत मिळतात. नेमाने घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो. पण या दुखण्यामागोमाग पुष्कळांचे मन खचते, झोप उडते. कोणाला फिटही येतात. मग तो परगावच्या मानसोपचार डॉक्टरांकडे जातो आणि आधीच्या गोळ्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. लाज वाटते, दुसरे काय!

गफलत होते ती येथेच. आज बहुतेकांना रोज जी एक गोळी देतात, तिच्यात डोल्युटेग्राविर हे मुख्य औषध असते. कार्बामाझेपिन हे फिटवर आणि मनाच्या चढउतारांवर देतात. ते यकृताला जादा कामाला लावते आणि यकृत डोल्युटेग्राविरचा झपाट्याने निचरा करते. रोगी एकही गोळी चुकवत नाही, तरी रक्तात औषध अपुरे पडते. विषाणू डोके वर काढतो आणि पुढे त्या औषधाला दादही देईनासा होतो. खरे तर उपाय अवघड नाही. डॉक्टरांना ठाऊक असेल तर ते डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांनी देतात, नाही तर कार्बामाझेपिनच बदलतात.

उलटा प्रकारही आहे. पहिली औषधे लागू पडली नाहीत तर काहींना रिटोनाविर असलेल्या गोळ्या देतात. त्या यकृताला मंद करतात. मग झोपेची अल्प्राझोलाम किंवा क्वेटियापिन अंगात साचते, गुंगी उतरत नाही, तोल जातो. घरचे म्हणतात, आजार वाढला!

लिथियम घेणाऱ्याने तर उन्हाळ्यात जपावेच. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि रोजच्या त्याच गोळीतले टेनोफोविरही. भर उन्हात घाम गळून अंगातले पाणी कमी झाले, वर अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेतले, की लिथियम चढते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, बोबडी वळणे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

म्हणून मनाची औषधे टाकून देऊ नयेत, बरे का. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी नैराश्यावरची औषधे डोल्युटेग्राविरबरोबर सहसा चालतात. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंदही करू नये.

बोभाटा होईल ही भीती खरी असते. परंतु २०१७ च्या कायद्याने रोग्याच्या संमतीवाचून त्याची लागण उघड करण्यास आणि या कारणावरून उपचार नाकारण्यास मनाई आहे. तेव्हा पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, वैदूच्या पुडीसकट, एका पिशवीत घालून दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवावीत. एच.आय.व्ही.विषयी काही विचारायचे असल्यास १०९७ आणि मनाच्या त्रासाविषयी १४४१६ या क्रमांकांवर फोन करता येतो.